बोथट पात्याची वंशावळ

अहमद निजामशहाने १४९४ मध्ये सीना नदीच्या काठी, भिंगारजवळ, आपले नवे शहर वसवायला घेतले. त्या शहरात सुरुवातीला कसली हवा होती, हे मुहम्मद कासिम फिरिश्ता सांगतो. फिरिश्ता मूळचा कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. लहानपणी तो वडिलांबरोबर नगरला आला. वडील निजामशाही राजपुत्राला फारसी शिकवत. मोठेपणी तो याच दरबारात शाही पहाऱ्याचा नायक झाला. १५८९ मध्ये तो विजापूरला निघून गेला आणि तिथे त्याने आपला इतिहास लिहिला. नगरच्या पहिल्या सुलतानाबद्दलचे त्याचे लिहिणे ऐकीव खरे, पण त्याच शहरात वाढलेल्या माणसाने तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेले.

तो सांगतो की अहमद निजामशहा स्वतः पट्टीचा तलवारबाज होता आणि एकास एक अशा झुंजीचा त्याला फार नाद होता. राजाला जे आवडते तेच लोक करू लागतात. नगरमध्ये गल्लोगल्ली तलवारीच्या तालमी निघाल्या. जिथे मदरसे असायचे तिथे तालमी दिसू लागल्या. तरण्या पोरांच्या बैठकीत दुसरा विषय निघेना. तू सरस की मी, यावरून तंटे होऊ लागले आणि ते थेट राजापुढे जाऊ लागले. राजा दोघांना आपल्या देखत लढायला लावी. ज्याचा वार आधी बसेल त्याची जीत. रोज जमाव वाढला, रोज दोन-तीन मुडदे पडू लागले, तेव्हा राजाने हा प्रकार दरबारातून हलवला आणि किल्ल्याबाहेर, काळा चबुतरा म्हणत त्या मैदानावर नेला. तिथला नियम असा की दोघांच्या मध्ये तिसऱ्याने पडायचे नाही आणि मेलेल्याचा सूड मागायचा नाही. नगरची ही रीत पुढे सगळ्या दख्खनमध्ये पसरली, असे फिरिश्ता म्हणतो. विजापूरच्या बाजारात स्वतः पाहिलेली एक हकिकतही तो देतो: पांढऱ्या दाढीचे दोन सय्यद भाऊ आणि तीन दख्खनी भाऊ एका क्षुल्लक गोष्टीवरून भिडले. आधी सय्यदाचा विशीतला मुलगा पडला, मग बाप आणि चुलता, आणि जिंकलेले तिघेही जखमांनी तिथेच गेले. काही क्षणांत सहा माणसे.

फिरिश्ताचे हे पान वाचताना माझे लक्ष काळ्या चबुतऱ्यापेक्षा त्या गल्लीतल्या तालमींकडे जाते. मैदानावर जे व्हायचे ते एकदाच व्हायचे. तालमीत तेच रोज संध्याकाळी, शेकडो वेळा करावे लागते. खऱ्या धारेने रोज सराव करणारी तालीम महिन्याभरात ओस पडेल. म्हणजे तलवार शिकवणाऱ्या प्रत्येक माणसापुढे, नगरात असो की आणखी कुठे, पहिला प्रश्न एकच असतो: पोरांच्या हातात द्यायचे काय? तलवारीसारखे चालेल, पण कापणार नाही असे. आज पुण्या-मुंबईतला किंवा नगरमधला एखादा मुलगा जुनी युरोपीय तलवारबाजी शिकायची म्हणून सरावाची तलवार शोधतो, तेव्हा तो हाच प्रश्न विचारत असतो. या प्रश्नाची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेली, आणि प्रत्येक उत्तरात काहीतरी सोडून द्यावे लागले. कुणी धार सोडली, कुणी वजन, कुणी भोसकणे. जे सोडले त्याचा ठसा विद्येवर उमटला. सरावाची तलवार निवडणाऱ्याने भाव, लांबी आणि पोलाद बघण्याआधी एवढे समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

नगर वसायच्या सात वर्षे आधी, १४८७ मध्ये, सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने फ्रँकफर्टच्या ‘मार्क्सब्रूडर’ नावाच्या तलवारबाजांच्या संघाला सनद दिली. जर्मन मुलखात दोन हातांच्या लांब तलवारीचा उस्ताद कोण, हे ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडे आला. त्यांचे आखाडे भरत, लोक तिकडे लोटत, आणि तिथला नियम काळ्या चबुतऱ्याच्या नियमाचा सख्खा भाऊ शोभेल असा: ज्याने प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर सगळ्यात वर रक्त काढले त्याची जीत. फरक हत्याराचा होता. त्यांच्या हातात धारदार तलवार नसे. बारीक, लवचिक पात्याची, जाड बोथट कडांची, मुठीजवळ पाते एकदम रुंद झालेली अशी खास सरावाची तलवार असे. आज तिला ‘फेडर’ म्हणतात. पाते बारीक केल्याने पुढचे वजन कमी झाले, मुठीजवळ रुंद ठेवल्याने ते वजन हाताशी परत आले, आणि टोक भोसकताना वाकू लागले. टाळू फुटे, पण माणूस संध्याकाळी चालत घरी जाई.

स्ट्रासबर्गचा योआखिम मेयर हा सुऱ्या-चाकू बनवणारा कारागीर होता, आणि असे आखाडे भरवणाराही. १५७० मध्ये त्याने आपला मोठा ग्रंथ छापला. त्यात तो नमूद करतो की जर्मनांनी लांब तलवारीच्या खेळातून भोसकणे सोडून दिले आहे. कारण उघड आहे. आखाड्यात भोसकायला बंदी, म्हणून शिकवण्यातून भोसकणे आटले, म्हणून पवित्रे उघडे झाले, हात वर गेले, छातीची काळजी कमी झाली. खेळाचा नियम हळूहळू विद्येचा नियम झाला.

फिरिश्ताची तक्रार याच जातीची आहे आणि ती फार तीक्ष्ण आहे. दख्खनी माणसाला एकास एक तलवारीत तोड नाही, हे तो मान्य करतो. पण ही मंडळी जमिनीवर उभी राहून सराव करतात, घोड्यावरून भाला फेकणे, तीर मारणे, चौगान खेळणे शिकत नाहीत, म्हणून बाहेरच्या फौजेपुढे मैदानात कमी पडतात, असे तो म्हणतो. फिरिश्ता परदेशी गटातला, दख्खनी सरदारांशी त्या गटाचे हाडवैर; त्याच्या शब्दांतली कडवट चव वजा करूनच वाचावे. तरीही मुद्दा खोटा ठरत नाही. माणूस ज्याचा सराव करतो त्यातच तो तरबेज होतो.

ही रीत नगरनेच जन्माला घातली, हे मात्र मी फिरिश्ताच्या शब्दावर मानणार नाही. विजयनगरला राहिलेला पोर्तुगीज घोडेव्यापारी फर्नाव नुनिझ तिथल्या द्वंद्वांबद्दल लिहितो: प्रधानाची परवानगी घेऊन लढायचे, जिंकणाऱ्याचा मान मोठा, मेलेल्याची मालमत्ता त्याला. कृष्णेच्या दोन्ही बाजूंना ही हौस होती. नगरचे वेगळेपण एवढेच की इथे तिला शाळा मिळाली.

आता पोलादाकडे वळू. नगरला धातूची कमतरता नव्हती. विजापूरच्या बुरुजावर बसलेली मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये नगरलाच मुहम्मद बिन हुसेन रूमीने ओतली. तलवारीच्या पात्यांची गोष्ट मात्र समुद्राकडून येते. चौल हे निजामशाहीचे बंदर. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या मान्यतेने पोर्तुगीजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला. तिथे घोडे उतरत, आणि घोड्यांबरोबर युरोपची पातीही. चौल आणि गोवा या दोन दारांनी जर्मन, इटालियन, स्पॅनिश पाती दख्खनमध्ये शिरली. लांब, सरळ, हलकी, खांडापेक्षा कितीतरी निमुळती. आपल्या लोहारांनी त्यांना आपली मूठ बसवली: हाताची बोटे झाकणारी रुंद परज, आत गादी, मागे पकडायला गज. तिला नाव पडले फिरंग किंवा फिरंगी. लंडनच्या राजसंग्रहात जगदंबा नावाची तलवार आहे, कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५ च्या भेटीत इंग्लंडच्या युवराजाकडे गेलेली. तिचेही पाते युरोपीय आहे.

म्हणजे युरोपीय तलवार हातात धरणे ही मराठी माणसासाठी कालपरवाची हौस नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात नगर-जुन्नर-दौलताबादच्या पट्ट्यात असंख्य लोकांनी ती रोज कमरेला लावली. त्यांनी घेतले ते पाते. चालवण्याची रीत आपलीच ठेवली. मूठ बदलली की मनगट बदलते. आपल्या मुठीत हात गच्च बसतो, म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, पाते ओढून कापते. युरोपीय लांब तलवारीची मूठ वीत-दीड वीत मोकळी असते, दोन्ही हात सरकतात, पाते एका कडेवरून दुसऱ्या कडेवर उलटते. तेच पाते, पण दोन वेगळ्या विद्या.

निजामशाहीच्या सरदारांची तलवार किती सहज म्यानाबाहेर येई, याचा दाखला नेवाशाच्या माणसाने लिहून ठेवला आहे. कवींद्र परमानंद नेवासकरांच्या शिवभारतात खंडागळ्यांच्या हत्तीची हकिकत येते. दरबार सुटताना हत्ती बिथरला, जाधव आणि भोसले समोरासमोर आले, दत्ताजी जाधव पडला, मग संभाजी भोसले पडला. सख्खे व्याही एकमेकांवर तुटून पडले. फिरिश्ताने विजापूरच्या बाजारात जे पाहिले त्याचीच ही दरबारी आवृत्ती.

एकोणिसाव्या शतकात पात्यांचा प्रवास एका चमत्कारिक वळणावर येतो. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, तेव्हा त्याच्या फौजेत १९ वी लाइट ड्रॅगून्स ही इंग्रज घोडदळाची पलटण होती. अशा पलटणींची जुनी, सरकारने भंगारात काढलेली पाती पुढे देशी घोडेस्वारांच्या हाती पडत. कॅप्टन लुई नोलन, जो पुढे १८५४ मध्ये बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्यात मेला, त्याने १८५३ मध्ये घोडदळावर पुस्तक लिहिले. हिंदुस्थानात असताना त्याच्या कानावर आले की निजामाच्या घोडेस्वारांनी एका चकमकीत एकेका घावात हात आणि मुंडकी उडवली. ही कुठली अद्भुत पाती, म्हणून तो बघायला गेला. ती इंग्रजांनीच टाकून दिलेली ड्रॅगून पाती निघाली. फक्त मूठ बदललेली, धार वस्तऱ्यासारखी, आणि म्यान लाकडी. इंग्रज शिपायाचे म्यान लोखंडी. तलवार दर कवायतीला आत-बाहेर होऊन त्याची धार मरे. निजामाचा स्वार तलवार लढाईशिवाय बाहेर काढत नसे.

नोलनने यातून म्यानाचा धडा घेतला. मला यात सरावाचा धडा दिसतो. खरी तलवार कवायतीला वापरली की ती ना धड लढाईची राहते ना धड सरावाची. म्हणून दोन वस्तू हव्यात, आणि दुसरी वस्तू पहिलीइतक्याच विचाराने बनवलेली हवी.

आपल्याकडे ही दुसरी वस्तू म्हणजे गदगा. साधारण तीन फुटांची वेताची काठी, कातड्याने मढवलेली. डाव्या हातात फरी, म्हणजे वीतभर रुंदीची कातडी ढाल. दोन्ही मिळून फरी-गदगा. महाराष्ट्रातल्या जुन्या तालमींमध्ये कुस्तीच्या हौद्याशेजारी हा खेळ चाले. वार ठरलेले: शीर, तमाचा, बाहेरा, कमर. समोरचा हूल देतो, फरी वर जाते, खालून कमर उघडी पडते. वस्ताद आधी नुसते पवित्रे घोटून घेतो, मग लाठी, मग फरी-गदगा, आणि पट्टा किंवा तलवार सगळ्यात शेवटी. पट्ट्याला तर जोडीदारच नसतो. लिंबू, नारळ, केळीचा खांब यांच्यावर तो चालतो, कारण कोपरापर्यंत लोखंडी खोबण चढवलेला आणि मनगटाने थांबवता न येणारा पट्टा माणसावर सराव म्हणून चालवताच येत नाही. याच दांडपट्ट्याला महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान दिला. गदग्याला असा मान कधी मिळेलसे वाटत नाही, आणि मला याचे वाईट वाटते. पट्टा चालवणारे हात गदग्यानेच घडवले.

घोडेस्वारासाठीही अशी सोय होती. बोथाटी हा खरे तर सरावाचा भाला: लांब काठी, टोकाला लोखंडाऐवजी चिंध्यांचा गोळा, तो रंगात बुडवलेला. घोडे भरधाव एकमेकांवर येत आणि अंगरख्यावर रंगाचा डाग पडला की कुणी कुणाला मारले ते साक्षीदाराशिवाय ठरे. आज युरोपात पंच, झेंडे आणि चित्रफिती असूनही कुणाचा वार आधी लागला यावर जे वाद होतात ते ऐकले की हा रंगाचा गोळा किती शहाणपणाचा होता ते कळते.

गदग्यात आपण काय सोडले? धार, हे तर उघड आहे. पण धारेबरोबर आणखी एक गोष्ट गेली. गदगा गोल आहे. गोल काठीला कड नसते. ती कुठल्याही बाजूने लागली तरी लागलीच. तलवार तशी नाही. पाते जरा तिरपे पडले तर ते कापत नाही, फक्त आपटते आणि हातात फिरते. वर्षानुवर्षे फक्त गदगा खेळलेला माणूस चपळ होतो, अंतर ओळखतो, हुलीला फसत नाही, पण पात्याची कड कुठे आहे हे त्याचा हात विसरतो. वजनाचेही तसेच, काठी पटकन परत येते, पोलाद येत नाही. इंग्रजांनी त्यांच्या सिंगलस्टिकमध्ये हाच सौदा केला. ॲश नावाच्या झाडाची गोल काठी आणि हातावर टोपलीसारखी मूठ घेऊन त्यांचे शिपाई तलवार शिकले. १९०४ च्या सेंट लुई ऑलिंपिकमध्ये तो खेळ एकदाच झाला आणि मग जवळपास विझला.

आपल्याकडे काठीचे महत्त्व वाढायला कायदाही कारण झाला. १८५७ नंतर देश नि:शस्त्र करण्याचे सत्र सुरू झाले आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय तलवार बाळगून फिरणे गुन्हा ठरला. तालमीतून पोलाद मागे सरले. लाठी, फरी-गदगा, लेझीम पुढे आले. विसाव्या शतकात मराठी माणसाने या खेळांना शिस्तीचे रूप दिले ते या पार्श्वभूमीवर. बडोद्यात प्रो. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात सांघिक कवायत बसवली. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्यांचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. त्याच साली बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर, म्हणजे आबासाहेब मुजुमदार, यांच्या संपादनाखाली व्यायाम ज्ञानकोश निघू लागला आणि १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड झाले. मर्दानी खेळांची माहिती एका जागी आणणारे मराठीत याच्या तोडीचे काम नाही. नगरच्या कुठल्याही तालमीत आज युरोपीय तलवारीचा वर्ग काढायचा ठरला, तर शिकवणाऱ्याने मेयरच्या आधी हा कोश उघडावा.

युरोपची गत याच्या उलट झाली. तिथे पुस्तके राहिली, वस्ताद गेले. लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे एक लॅटिन हस्तलिखित आहे. त्यात एक पाद्री आपल्या शिष्याला तलवार आणि छोटी गोल ढाल शिकवतो, आणि शेवटी शेवटी वालपुर्गिस नावाची एक बाई त्याच्यासमोर उभी राहते. चित्रे स्पष्ट, सूचना नेमक्या, पण त्या हालचाली करून दाखवणारा माणूस सहाशे वर्षांत उरला नाही. पहिली उकल एकोणिसाव्या शतकात झाली, आणि ती करणाऱ्यांपैकी आल्फ्रेड हटन हा इंग्रज अधिकारी तरुणपणी हिंदुस्थानात होता. १८६२ मध्ये इथे असतानाच आपल्या पलटणीच्या फेन्सिंग क्लबसाठी त्याने तलवारीवर पहिली पुस्तिका लिहिली. १८९२ मध्ये त्याने जुन्या तलवारबाजीवर पुस्तक काढून रंगमंचावर प्रात्यक्षिके केली. मग ते थांबले. खरी लाट १९९० नंतर आली. लोकांनी हस्तलिखिते वाचली, भाषांतरे केली, आणि वाचलेले खरे की खोटे हे तपासायला त्यांना पुन्हा तोच प्रश्न पडला: हातात घ्यायचे काय? इंग्रजी आद्याक्षरांवरून या चळवळीला ‘हेमा’ म्हणतात. सुरुवातीला लाकडी तलवारी, मग नायलॉनच्या, आणि शेवटी संग्रहालयातल्या जुन्या फेडरवरून मापे घेऊन नव्याने बनवलेल्या पोलादी फेडर, असा तिचा क्रम झाला. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी काढलेल्या तोडग्याकडे नव्या लोकांना सगळे करून बघितल्यावर यावे लागले.

आता नगरमध्ये बसून निवड करायची, तर माझा कल मी सांगतो.

लाकडी तलवार घ्यावी ती अंडाकृती छेदाची, चपट्या कडा असलेली. गोल दांडा नको. गदग्यात जे गमावले तेच परत गमावायला नको. एकट्याने घोटण्यासाठी आणि सावकाश जोडीसाठी ती उत्तम. जोराच्या झुंजीला लाकूड घेऊ नये, कारण ते वाकत नाही. डोक्याला लागले की सगळा जोर आत जातो. नायलॉनची तलवार स्वस्त पडते, तुटत नाही, पण पात्यावर पाते आपटले की ती उडते. पोलाद पोलादाला क्षणभर चिकटते आणि त्या चिकटलेल्या क्षणात समोरच्याचा जोर कळतो. जर्मन लांब तलवारीची अर्धी विद्या या एका क्षणावर उभी आहे. नायलॉनवर वर्ष घालवलेल्या मुलाला तो क्षण ठाऊकच नसतो.

पोलादी फेडर चार ते साडेचार फुटांच्या आसपास, वजन १.३ ते १.६ किलो, अशी असावी. तोल मुठीच्या आडव्या दांडीपासून चार बोटांवर. टोक गुंडाळलेले किंवा रुंद करून गोल केलेले, कडा नाण्याइतक्या जाड. टोक तराजूवर टेकवून वरून दाबले तर दहा किलोच्या आसपास पाते कमानीसारखे वाकले पाहिजे आणि सोडल्यावर सरळ झाले पाहिजे. ही परीक्षा घेतल्याशिवाय कुणाच्या छातीकडे टोक नेऊ नये. पाते मुठीतून आरपार जाऊन मागच्या गोळ्याला पक्के झालेले हवे. मुठीत बारीक गज डकवून जोडलेले पाते झुंजीत तुटून उडते.

म्हणूनच सत्काराला आणि लग्नाला मिळणारी शोभेची तलवार सरावाला घेऊ नये, बोथट असली तरी. स्टेनलेस स्टीलचे लांब पाते वाकण्याऐवजी तुटते. ऊसतोडीच्या या जिल्ह्यात कोयता बनवणारा चांगला लोहार गावोगाव सापडतो आणि गाडीच्या कमानपाट्याचे पोलाद त्याच्या हाताखालचे असते. ते पोलाद खरेच चांगले. पण कोयत्याची धार धरणारे कडक पाणी आणि फेडरचे वाकून परत येणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोयता आखूड आणि जाड, त्याला वाकायचे काम नाही. लोहाराकडून तलवार करून घ्यायचीच असेल तर ती एकट्याने घोटण्यासाठी घ्यावी; माणसावर चालवायची तलवार अशा कारखान्याकडून घ्यावी जिथे भट्टीचे तापमान मोजले जाते. ती परदेशातूनच यावी असे नाही. देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स १९४३ मध्ये लष्करासाठी खुकऱ्या बनवत सुरू झाली आणि आज जगभरच्या संग्राहकांना युरोपीय नमुन्याच्या तलवारी पाठवते. ज्या देशाच्या चौल बंदरात युरोपची पाती उतरत होती त्याच देशातून ती आता उलट दिशेने जातात. मात्र प्रतिकृती आणि झुंजीची तलवार यांत फरक असतो. विकत घेताना बोथट कडेची, सरावासाठी बनवलेली असेच मागावे.

कायदा नीट पाहावा. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या नियमांत तलवारी आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची तत्सम हत्यारे शस्त्रांत मोडतात. केवळ खेळणे म्हणून वापरता येणारी आणि खऱ्या हत्यारात बदलता न येणारी वस्तू त्यातून वगळली आहे. पोलादी फेडर या दोहोंच्या मध्ये कुठे बसते, हे ती हातात घेऊन बघणाऱ्या हवालदारावर सोडण्यात अर्थ नाही. शिवाय सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाईचे आदेश निघतात, तेव्हा तलवार तर सोडाच, काठी घेऊन फिरायलाही बंदी असते. मोहरमच्या सवाऱ्या आणि गणपतीची मिरवणूक ज्या शहरात एवढ्या मोठ्या निघतात, तिथे हे पाळलेच पाहिजे. तालमीने आपल्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे, हत्यारे तालमीतच कुलपात ठेवावी, आणि पोरांनी रिकाम्या हाताने यावे-जावे. जुन्या तालमीतही गदगे भिंतीलाच टांगलेले असत.

खरेदीचा क्रम मी असा लावीन. आधी जाळीचा मुखवटा, फेन्सिंगचा, मानेच्या पडद्यासकट आणि डोक्याच्या मागच्या बाजूला जादा गादी लावलेला. फेन्सिंग राज्यात बऱ्याच ठिकाणी शिकवले जाते, त्यामुळे तो मिळायला अडचण नाही. मग बोटे झाकणारे जाड हातमोजे, कारण लांब तलवारीत सगळ्यात आधी मोडतात ती बोटे. मग फरी आणि गदगा. हो, युरोपीय विद्या शिकणाऱ्यालाही. लीड्सच्या हस्तलिखितातला पाद्री आणि आपला फरी-गदग्याचा वस्ताद एकाच अंतरावर उभे राहतात, एकाच कारणासाठी ढाल मुठीच्या पुढे ठेवतात. सहा महिने फरी-गदगा खेळलेला मुलगा ते चित्र पाहताक्षणी ओळखतो. त्यानंतर चपट्या कडेचे लाकूड, हाताला कड परत शिकवायला. पोलाद शेवटी.

आणि पोलाद घेताना एक घेऊ नये, दोन घ्यावीत. एकाच कारागिराची, एकाच वजनाची, एकाच लवचिकतेची. एकाकडे हलकी आणि दुसऱ्याकडे जड तलवार असली की जडवाला जिंकतो आणि दोघेही काही शिकत नाहीत. पैसे जमत नसतील तर दोघांनी वर्गणी काढून जोडी घ्यावी आणि ती तालमीच्या मालकीची ठेवावी, म्हणजे तिसरा आणि चौथाही तीच वापरेल.